मुलांना तर्क शिकवावा तो कोठून?

शाळेत न पाठविता मुलांना घरीच शिकविण्याची पद्धत अमेरिकेत आता अपवादात्मक राहिलेली नाही. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत ती कायदेशीर ठरली होती आणि २०२० च्या कोविड साथीनंतर तिचा आणखी विस्तार झाला. तेथे स्थायिक झालेली काही मराठी बौद्ध कुटुंबेही या वाटेने गेली आहेत. अशाच काही उपासक पालकांनी आमच्याकडे विचारणा केली आहे, की दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना तर्कशास्त्र आणि चिकित्सक विचार शिकविण्यासाठी तेथे जे अभ्यासक्रम मिळतात त्यांपैकी कोणता निवडावा, आणि धम्माच्या शिक्षणाशी त्याचा मेळ कसा बसेल. आपल्याकडे तर्कशास्त्राची गाठ पडते ती बहुधा अकरावीत, तीही कला शाखेत आणि ऐच्छिक विषय म्हणून. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला व्याप्ती आणि तर्कदोष शिकवावयाचे, ही कल्पनाच येथील वाचकास नवलाची वाटेल. परंतु प्रश्न गंभीर आहे, व पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यावर काही सांगण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम या अभ्यासक्रमांमागील भूमिका पाहू. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे 'शिक्षणाची हरवलेली साधने' या आशयाचे एक व्याख्यान दिले. मध्ययुगीन युरोपातील व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या त्रयीचा संबंध त्यांनी मुलाच्या वाढीच्या तीन अवस्थांशी जोडला. लहान मूल पाठांतरात रमते, थोडे मोठे झाले की उलट उत्तरे देऊ लागते, आणि त्यापुढे स्वतःला व्यक्त करू पाहते. यांतील दुसरी अवस्था, म्हणजे मोठ्या माणसांची चूक पकडण्यात मुलाला आनंद वाटण्याचे वय, हीच तर्क शिकविण्याची वेळ, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९९१ नंतर अमेरिकेतील ख्रिस्ती शिक्षणचळवळीने हे व्याख्यान उचलून धरले, आणि घरी शिकविणाऱ्या पालकांच्या हाती आज पडणारी बरीच तर्कपुस्तके याच विचाराच्या छायेत वाढलेली आहेत. मुलाच्या उद्धटपणाला शत्रू न मानता त्याला कामाला लावावे, ही कल्पना चतुर आहे यात शंका नाही. पण कामाला लावलेला उद्धटपणा कामावरून सुटल्यावर कोठे जातो, याचा विचार त्या व्याख्यानात आम्हांस आढळला नाही.

मार्टिन कोथ्रन यांचे 'ट्रॅडिशनल लॉजिक' हे पुस्तक अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्यांचे आहे. विधानांचे चार प्रकार, त्यांचे परस्परविरोध, संवाक्याचे आकार आणि त्यांची लॅटिन स्मरणनामे असा त्याचा क्रम आहे. पुस्तक नेटके आहे. तथापि ज्याने तर्कसंग्रह पाठ केला आहे त्याला याची जात लगेच ओळखू येईल: शिकविणाऱ्याजवळ परंपरा असेल तर उत्तम, नसेल तर निव्वळ घोकंपट्टी. अन्नंभट्टानेही आपला ग्रंथ बालकांना सुखाने बोध व्हावा म्हणून लिहिल्याचे आरंभीच म्हटले आहे, पण तेथील 'बाल' म्हणजे व्याकरण-काव्य शिकलेला परंतु तर्कात अनभिज्ञ असा विद्यार्थी, अशी टीकाकारांची समजूत आहे. चौदा वर्षांखालील मुलासाठी आम्ही हे पुस्तक सुचविणार नाही.

अधिक विचार करण्याजोगे पुस्तक म्हणजे नॅथॅनियल आणि हान्स ब्लूडॉर्न या बंधूंचे 'द फॅलसी डिटेक्टिव्ह'. हे बंधू स्वतः घरीच शिकलेले. पुस्तक २००२ साली निघाले; प्रथम त्यात ३६ पाठ होते, पुढे ३८ झाले. प्रत्येक पाठात एखादा तर्कदोष सोप्या भाषेत समजावून दिलेला असतो, त्यानंतर छोटे छोटे संवाद येतात आणि त्यांतील दोष मुलाने ओळखावयाचा असतो. विषयाला बगल देणे, विधानाऐवजी ते करणाऱ्यावर हल्ला करणे, प्रतिपक्षाचे मत विकृत करून मग त्याचे खंडन करणे, दोनच पर्याय आहेत असे भासविणे, एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून पहिलीला कारण मानणे, आणि शेवटी जाहिराती व प्रचार यांतील क्लृप्त्या. भाषा खेळकर आहे, चित्रे आहेत, मुलांना पुस्तक आवडते. लेखकांविषयी न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे, की आरंभीचे पाठ ऐकून घेण्याविषयी व विरोधी मत समजून घेण्याविषयी आहेत.

असे असूनही या पुस्तकाविषयी आमची हरकत मूलगामी आहे. पुस्तकाचे नावच गुप्तहेराचे. हेराचे काम दुसऱ्याच्या घरात. पाठामागून पाठ मूल दुसऱ्यांच्या बोलण्यातील दोष शोधते, आणि प्रत्येक वेळी त्याला शाबासकी मिळते ती दोष सापडल्याबद्दल. आपले स्वतःचे एखादे विधान घेऊन ते टिकते की नाही हे तपासण्याचा प्रसंग त्यात क्वचितच येतो. शिवाय अभ्यासासाठी बनविलेल्या संवादात दोष असतोच. प्रत्यक्ष संभाषणात तो असेलच असे नाही. दोष असणारच या अपेक्षेने ऐकणारे मूल बोलणाऱ्याचा अर्थ ऐकत नाही, त्याचे शब्द वेचते. अशी मुले आम्ही पाहिली आहेत, व प्रौढही. आपल्या चळवळीतील काही सभांतून आणि आता भ्रमणध्वनीवरील वादांतूनही हाच प्रकार चालतो: प्रतिपक्षाच्या एका घसरलेल्या शब्दावर तासभर चर्चा होते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

या ठिकाणी अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील कथावत्थुसुत्ताकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. (अभिधम्मपिटकातील त्याच नावाच्या ग्रंथाशी त्याची गल्लत करू नये.) एखादी व्यक्ती चर्चेस योग्य आहे की अयोग्य हे कसे ओळखावे, याची कसोटी भगवंतांनी तेथे सांगितली आहे. विचारलेले सोडून भलतेच उत्तर देणारा, चर्चा बाहेर वळविणारा, राग, द्वेष आणि नाराजी प्रकट करणारा मनुष्य चर्चेस अयोग्य. ब्लूडॉर्न बंधूंच्या पहिल्या काही दोषांची ही जणू पालि यादीच आहे. पण सुत्त येथे थांबत नाही. जो प्रतिपक्षावर तुटून पडतो, त्याला चिरडतो, त्याला हसतो आणि त्याच्या 'खलिता'ला, म्हणजे बोलताना झालेल्या किरकोळ घसरणीला, पकडून बसतो, तोही चर्चेस तितकाच अयोग्य ठरविला आहे. दोष टाळणे आणि दोष हुडकण्याचा हव्यास टाळणे, या दोन्ही गोष्टी एकाच यादीत, एकाच दर्जाने आल्या आहेत. अमेरिकन पुस्तकाला पहिला अर्धा भाग उत्तम साधला आहे. दुसरा त्याच्या रचनेतच बसत नाही.

याच मुद्द्यावर आचार्य धर्मकीर्तींनी एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, तो 'वादन्याय'. न्यायपरंपरेने वादातील पराभवाची बावीस स्थाने मोजली होती, आणि जल्प-वितंडेत छल व जाती यांच्या वापरासही मुभा ठेवली होती. धर्मकीर्तींनी ती बावीस स्थाने एकेक करून तपासली आणि पराभवाची दोनच कारणे शिल्लक ठेवली: वादीने आपल्या साध्याला आवश्यक ते साधन न मांडणे, आणि प्रतिवादीने असलेला दोष न दाखविणे किंवा नसलेला दाखविणे. कपटाने मिळविलेला जय सज्जनाला शोभत नाही, ही त्यांची धारणा. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून मिळविलेल्या पोथीमुळे हा ग्रंथ गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात पुन्हा प्रकाशात आला. मुलांच्या हाती तो देता येणार नाही हे उघड आहे. पण पालकांनी त्यातील दुसरे कारण मात्र मनात पक्के ठेवावे. नसलेला दोष दाखविणारा हरतो. या एका नियमाने दोषशोधनाच्या खेळाचे स्वरूपच पालटते.

आता दुसऱ्या एका परंपरेकडे वळू. मॅथ्यू लिपमन हे कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत. विद्यापीठात येईपर्यंत विद्यार्थ्यांना विचार करावयास शिकविण्याची वेळ टळून गेलेली असते, असे त्यांचे मत झाले. न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे १९७४ साली त्यांनी मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था सुरू केली आणि 'हॅरी स्टॉटलमायर्स डिस्कव्हरी' ही मुलांसाठी कादंबरी प्रसिद्ध केली. (नायकाच्या नावात अ‍ॅरिस्टॉटल दडलेला आहे, हा त्यांचा विनोद.) कथेच्या आरंभी हॅरीचे वर्गात लक्ष नसते. लांब शेपटी असलेली आणि ७७ वर्षांतून एकदा सूर्याभोवती फिरणारी वस्तू कोणती, असा प्रश्न येतो, आणि सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढे आठवून तो म्हणतो, 'ग्रह'. वर्ग हसतो. मग तो स्वतःशीच विचार करू लागतो की आपण चुकलो कसे, आणि त्याला नियम सापडतो: 'सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात' हे खरे असले तरी ते उलटविले की खोटे होते. पुढे लिसा नावाची मुलगी त्याला अपवाद दाखविते. 'कोणताही गरुड सिंह नाही' हे उलटविले तरी खरेच राहते! आणि त्याच दिवशी शेजारीण नव्या बिऱ्हाडातल्या बाईविषयी त्याच्या आईजवळ कुजबुजत असताना, की ती रोज दारूच्या दुकानात जाते आणि दारुडे लोकही रोज तेथेच जातात, हॅरीला हा नियम उपयोगी पडतो.

या प्रारंभाचे मोल आम्हांस फार वाटते. येथे तर्काचा जन्म दुसऱ्याच्या चुकीतून होत नाही, स्वतःच्या चुकीतून होतो. आणि त्याचा पहिला उपयोग कोणाला हरविण्यासाठी नसून एका अनुपस्थित स्त्रीवरील आळ दूर करण्यासाठी होतो.

पालि अभ्यासकाला येथे अभिधम्मपिटकातील सहावा ग्रंथ, 'यमक', आठवल्यावाचून राहणार नाही. यमकाची ख्याती रुक्ष ग्रंथ म्हणून आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण त्याची पद्धत काय आहे? प्रत्येक प्रश्न जोडीने येतो, एकदा सुलट आणि एकदा उलट. जे जे कुशल धम्म ते सर्व कुशलमूल आहेत काय? जे जे कुशलमूल ते सर्व कुशल धम्म आहेत काय? पहिल्याचे उत्तर नाही: अलोभ, अद्वेष, अमोह ही तीनच कुशलमूले, बाकीचे धम्म कुशल असूनही मूल नव्हेत. दुसऱ्याचे उत्तर होय. हॅरीला जे सापडले त्याचाच हा सराव, आणि तो दहा प्रकरणांतून न थकता चालतो. भारतीय तर्कातील परिचित उदाहरण घेतले तरी तेच: जेथे धूर तेथे अग्नी, हे टिकते, जेथे अग्नी तेथे धूर, हे तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी मोडते.

तिबेटी विहारांत ही परंपरा जिवंत आहे. बाराव्या शतकातील आचार्य छापा छोकी सेंगे (११०९-११६९) यांच्यापासून सुरू झालेल्या 'दुरा' या प्राथमिक पाठात बालभिक्षूंचा आरंभ रंगांपासून होतो. जो जो रंग तो तो लाल, असे कोणी मान्य केले की प्रश्नकर्ता पांढऱ्या शंखाचा रंग पुढे करतो. कर्नाटकातील मुंडगोड आणि बैलकुप्पे येथे पुन्हा उभारलेल्या ड्रेपुंग, गांदेन व सेरा या महाविहारांत हे वाद आजही टाळ्यांच्या गजरात चालतात. रंग आणि शंख ही उदाहरणे इतकी साधी आहेत, की त्यांत कोणाची श्रद्धा दुखावत नाही आणि कोणाचा अभिमान गुंतत नाही. प्रारंभासाठी हाच मोठा गुण. ब्लूडॉर्न बंधूंचे प्रचाराविषयीचे पाठ नेमके उलट आहेत: तेथे मूल थेट जगाच्या भांडणात उतरते.

लिपमन यांच्या पद्धतीत उणीव नाही असे नाही. तिच्यात प्रश्न कधी थांबवावा हे कोणी शिकवीत नाही. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत: सरळ उत्तर देण्याजोगे, विभाग करून उत्तर देण्याजोगे, उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याजोगे, आणि बाजूला ठेवण्याजोगे. कोणता प्रश्न कोणत्या जातीचा हे ओळखणे हीसुद्धा विचारशक्तीच. मज्झिम निकायातील अभयराजकुमारसुत्त या दृष्टीने मुलांना अवश्य सांगावे. तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा दुहेरी पेच निगंठ नातपुत्तांनी अभयाला शिकवून पाठविलेला असतो. होय म्हटले तर सामान्य माणसात आणि तुमच्यात भेद काय, नाही म्हटले तर देवदत्ताला तसे का बोललात. भगवान म्हणतात, याचे एकाच बाजूने उत्तर नाही. अभयाच्या मांडीवर त्या वेळी एक तान्हे मूल असते. त्याच्या घशात काडी किंवा खडा अडकला तर तू काय करशील? काढीन, म्हणतो अभय, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. पेच तेथेच सुटतो. दोनच पर्याय भासविण्याच्या दोषावर यापेक्षा चांगला पाठ आम्हांला माहीत नाही.

चिकित्सेचा विषय निघाला की आपल्या लोकांत लगेच कालामसुत्ताचे नाव निघते. विहारांच्या भिंतींवरही ते असते: परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. हे योग्यच आहे. पण भिंतीवरचा मजकूर बहुधा निवडक असतो. केसपुत्ताच्या कालामांना सांगितलेल्या त्या दहा आधारांत निव्वळ तर्क आणि अनुमानपद्धती यांचाही समावेश आहे, हे कितीजण मुलांना सांगतात? केवळ तर्काला पटले म्हणूनही मानू नका. मग मानावे कशावरून? अमुक गोष्ट आचरली असता अहित व दुःख होते की हित व सुख होते, हे स्वतः जाणून, आणि सुज्ञांच्या निंदा-प्रशंसेचा विचार करून. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांना बुद्धिवादी मानले ते याच विशाल अर्थाने, असे आमचे मत आहे. ज्या वचनाचा मनुष्याच्या कल्याणाशी संबंध नाही ते बुद्धवचन नव्हे ही कसोटीही त्यांनी तेथेच लावली आहे.

हीच कसोटी भगवंतांनी स्वतःच्या मुलाला दिली. अंबलट्ठिक-राहुलोवादसुत्त हे सात वर्षांच्या राहुलाला सांगितले असे अट्ठकथा म्हणते. महाराहुलोवाद अठराव्या वर्षी, आणि चूळराहुलोवाद त्याहीनंतर, उपसंपदेच्या पुढे. घरच्या मुलाच्या अभ्यासक्रमाचा वयोमानानुसार क्रम शोधणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरविले जाते, मग ते ओतून दिले जाते, मग भांडे पालथे घातले जाते, मग रिकामे दाखविले जाते. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रामण्य असे. थट्टेतही खोटे बोलू नये. त्यानंतर आरसा. आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच कायेचे, वाचेचे, मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, की याने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते काय. सम्राट अशोकांनी बैराटच्या शिलालेखात भिक्षू-उपासकांनी वारंवार ऐकावे म्हणून जी धम्मवचने नावानिशी सांगितली, त्यांत असत्याविषयीचा हा राहुलोवाद आहे.

हे तर्कशास्त्र नव्हे, नीतिपाठ आहे, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे, की मुलाला सुचणारे पहिले अनुमान कार्यकारणाचेच असते, आणि त्याच्या आवाक्यातले एकमेव कारण म्हणजे त्याचे स्वतःचे कृत्य. कृत्यापूर्वी अनुमान, करताना निरीक्षण, नंतर पडताळा: प्रयोगशाळेत यापेक्षा निराळे काय असते? शिवाय ज्याला आपले विधान खरे असावे याची चाड नाही, त्याला व्याप्ती शिकवून काय साधणार? त्याच्या हाती एक शस्त्र अधिक येते, इतकेच.

राहता राहिला घराचा प्रश्न, आणि तो आम्हांस पुस्तकांच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. लिपमन यांनी आपली पुस्तके वर्गासाठी लिहिली. वर्ग हे एक विचारमंडळ व्हावे ही त्यांची मूळ कल्पना. तिबेटी वादाला किमान दोघे लागतात. घरी एकटे शिकणाऱ्या मुलापुढे प्रतिवादी म्हणून आई-वडीलच असतात. ते एक तर नेहमी जिंकतात किंवा मुद्दाम हरतात. आपल्या समाजाला तर वर्गाचे मोल निराळेच आहे. बाबासाहेबांना शाळेत बसण्यासाठी स्वतःचे तरटाचे आसन घरून न्यावे व परत आणावे लागे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या वर्गात इतरांच्या बरोबरीने बसण्यासाठी दोन-तीन पिढ्या झगडल्या. परदेशातील पालकांची कारणे वेगळी असतील, ती आम्ही नाकारीत नाही. मुलांना तेथील शाळेत सोसावे लागणारे प्रसंगही आमच्या कानावर आले आहेत. पण ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या शेजारी बसून बोलणे हे तर्कशिक्षणाचे अंग आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांतून मिळत नाही.

म्हणून विचारणा करणाऱ्यांना आमची सूचना अशी. दहाव्या वर्षापर्यंत स्वतंत्र तर्कपुस्तक घेऊ नये; राहुलोवाद, अभयराजकुमारसुत्त आणि जातकांतील निवडक कथा मराठीतून सांगाव्यात, आणि सांगताना मध्येच थांबून मुलाला प्रश्न करू द्यावा. त्यानंतर लिपमन यांची कादंबरी, पण हॅरीच्या उदाहरणांजागी घरातली उदाहरणे घालून; सर्व आंबे फळे आहेत, सर्व फळे आंबे आहेत काय, एवढ्यापासून आरंभ पुरे. 'द फॅलसी डिटेक्टिव्ह' बाराव्या वर्षानंतर, आणि एका अटीवर: मुलाने प्रत्येक दोषाचे एक उदाहरण स्वतःच्या बोलण्यातून आणावे. पालकांनीही एक आणावे.

आणि आठवड्यातून एकदा तरी, जवळच्या विहारात किंवा कोणाच्या घरी, तीन-चार मुलांना एकत्र बसवावे, शक्यतो निरनिराळ्या धर्मांच्या. दुराच्या पद्धतीने एकाने उभे राहून प्रश्न करावा, दुसऱ्याने बसून उत्तर द्यावे. बसणाऱ्याला चारच उत्तरे मोकळी असतात: मान्य आहे, कशावरून, हेतू सिद्ध नाही, व्याप्ती नाही. चिडणे, हसणे, विषय बदलणे यांना त्या चारांत जागा नाही. पंधरा मिनिटांनी जागा बदलावी, आणि महिन्यातून एकदा बसणाऱ्याच्या जागी वडिलांनी किंवा आईने बसावे, उभे मुलाने राहावे.